मायक्रोवेव्ह गरम करत नाही तेव्हा : प्रस्तावना

नाशिकमध्ये घरगुती उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, मायक्रोवेव्हच्या तक्रारीचा फोन बहुतेक वेळा एका वाक्यात संपतो : "मायक्रोवेव्ह बंद पडलाय, माणूस पाठवा." त्या एका वाक्यामागे निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. कधी डिस्प्ले काळा असतो, आतला दिवा लागत नाही, बटण दाबले तरी कसलीच हालचाल नसते. कधी डिस्प्लेवर घड्याळ नीट दिसते, पण 'स्टार्ट' दाबले की पुढे काहीच होत नाही. कधी दिवा लागतो, प्लेट फिरते, पंखा घुमतो, वेळ संपल्यावर बीपसुद्धा वाजते आणि दार उघडून पाहावे तर वाटीतली आमटी थंडगार. आणि कधी आमटी गरम होते खरी, पण दीड मिनिटाचे काम चार मिनिटे घेते. या चौघांची कारणे वेगळी, खर्च वेगळा आणि हात लावण्यातला धोकाही वेगळा. मेकॅनिक घरी येऊन पहिला प्रश्न विचारतो तो हाच असतो : "काकू, बंद म्हणजे नेमकं काय होतंय? लाइट लागते का? प्लेट फिरते का?" याची उत्तरे तयार असतील तर निम्मे निदान स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधीच झालेले असते.

ही पुस्तिका त्या निम्म्या निदानासाठी आहे. पहिला भाग घरातल्या माणसांसाठी लिहिला आहे : गृहिणी, डबे करून देणाऱ्या बायका, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुले. त्यात मायक्रोवेव्हचे पत्र्याचे कव्हर एकदाही उघडावे लागत नाही. दुसरा भाग आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड करणाऱ्या, हाताशी मल्टिमीटर असलेल्या आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. या दोन भागांमधली रेघ मी मुद्दाम जाड आखली आहे. ती का आखली, हे सांगणे हाच या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे.

नाशिक हे वीज जाणणाऱ्या माणसांचे शहर आहे. एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र 1970च्या सुमारास सुरू झाले. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल पॅनेल बनवणारे कारखाने उभे राहिले. त्यामुळे सिडको, इंदिरानगर, सातपूर कॉलनी, नाशिकरोड अशा भागांत एखाद्या सोसायटीत विजेचे काम येणारा माणूस सहज सापडतो. घरातला पंखा, मिक्सर, गिझर अशी माणसे स्वतःच दुरुस्त करतात आणि उत्तम करतात. या आत्मविश्वासाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मायक्रोवेव्हच्या बाबतीत हाच आत्मविश्वास घात करू शकतो. 440 व्होल्टच्या पॅनेलवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात एक नियम पक्का बसलेला असतो : सप्लाय काढला की वस्तू मेली. इथे तो नियम पुरेसा नाही. मायक्रोवेव्हच्या आत एक कपॅसिटर असतो (जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात). तो दोन हजार व्होल्टच्या वरचा भार साठवतो आणि प्लग काढल्यानंतरही तो भार त्याच्यात राहू शकतो. भार हळूहळू उतरावा म्हणून त्याच्या आत एक रेझिस्टर बसवलेला असतो, पण तो निकामी झाला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. मिक्सर उघडण्याची सवय असलेला हात तिथे गेला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

म्हणून आधी बाहेरची गोष्ट. पूर्ण मेलेल्या मायक्रोवेव्हचा तपास भिंतीपासून सुरू करावा. साधा सोलो मायक्रोवेव्ह भिंतीतून साधारण 1000 ते 1200 वॅट घेतो, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास. ग्रिल किंवा कन्व्हेक्शनचा असेल तर त्याहून बराच जास्त. त्याला पंधराचा पॉइंट हवा आणि नीट अर्थिंग हवे. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत मोठा पॉइंट एखादाच असतो, तोही फ्रिजने अडवलेला. मग मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लागतात. जुन्या नाशकातल्या कित्येक वाड्यांचे वायरिंग तर अशा उपकरणांची कल्पनाही नसलेल्या काळातले आहे. तिथे तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायर पोचली आहे की नाही, हे तपासून घेतल्याशिवाय मायक्रोवेव्ह लावूच नये.

सॉकेट तपासताना लोक मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून पाहतात. तो चालला की 'पॉइंट चांगला आहे' असे ठरते. हा निष्कर्ष घाईचा आहे. सैल किंवा जळका कॉन्टॅक्ट चार्जरला पुरेल एवढा करंट देतो, पण पाच अँपिअर मागितले की मान टाकतो. इस्त्री लावून पाहावी. ती नीट तापली आणि प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या किंवा हाताला चटका देणाऱ्या नसतील, तरच सॉकेटवरचा संशय काढावा. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करून पाहावा. पुन्हा पडला तर थांबावे, कारण तो काहीतरी सांगतो आहे.

पावसाळ्यात आणि वीज जाऊन परत येण्याच्या वेळी नियंत्रणाचा बोर्ड, म्हणजे पीसीबी, जास्त मरतो. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी घर चालवले त्यांना वीज परत येतानाचा तो झटका आठवत असेल. मायक्रोवेव्हचा प्लग कायम लावलेला आणि स्विच कायम चालू असतो, केवळ घड्याळ दिसावे म्हणून. काम झाले की भिंतीवरचा स्विच बंद करा. घड्याळ दुसरीकडे बघता येते. पीसीबीचा आणखी एक शत्रू म्हणजे मागच्या जाळीतून आत शिरणारी मुंगी, झुरळ आणि पाल. ऊब शोधत आलेला जीव दोन टाक्यांच्या मधे मरून पडतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. ही नाशकातली नेहमीची तक्रार आहे, हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता दार. घड्याळ दिसते पण सुरू होत नाही, असे असेल तर चाइल्ड लॉक लागले नाही ना एवढे पाहून लगेच दाराकडे वळावे. मायक्रोवेव्हचे दार हा त्याचा सर्वांत हुशार आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कडीला दोन आकडे असतात आणि त्या आकड्यांच्या मागे साधारणपणे तीन छोटे मायक्रोस्विच. दार पूर्ण बसले की त्यांतले दोन मिटतात आणि वीज पुढे जाते. तिसऱ्याचे काम उलटे आहे. दार उघडल्यावरही पहिला स्विच चिकटून चालूच राहिला, तर तिसरा स्विच जाणूनबुजून शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. दार उघडे असताना लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन चालू राहण्यापेक्षा संपूर्ण मशीन मेलेले बरे, असा विचार ते बनवणाऱ्यांनी केला आहे. त्यामुळे 'दार उघडताना टक् आवाज आला आणि सगळे बंद पडले' हे वर्णन फार मोलाचे असते. असे वर्णन ऐकले की अनुभवी कारागीर नुसता फ्यूज बदलून जात नाही, तिन्ही स्विच तपासतो. आणि जो फ्यूजच्या जागी तार गुंडाळतो किंवा तो पुन्हा उडू नये म्हणून मोठ्या अँपिअरचा घालतो, त्याने दुरुस्ती केलेली नसते. त्याने घरातल्या माणसांचे संरक्षण काढून घेतलेले असते. अशा कारागिराला पुन्हा बोलावू नका, एवढे स्पष्ट मी इथे लिहून ठेवते.

दार लटकले असेल, बिजागरी वाकली असेल, काचेमागची जाळी गंजली किंवा फाटली असेल तर मायक्रोवेव्ह चालू होत असला तरी वापरू नये. आतल्या लहरींची लांबी सुमारे 12.2 सेंटीमीटर असते. जाळीची भोके तिच्या मानाने इतकी बारीक असतात की उजेड बाहेर येतो आणि लहरी आतच अडतात. दाराच्या कडेला लहरी रोखणारी एक खाच असते, तिची मापेही याच लांबीवरून ठरवलेली असतात. दार जरा जरी तिरके झाले तरी ते गणित बिघडते. गळतीची मान्य मर्यादा उपकरणापासून 5 सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलीवॅट आहे आणि ती मीटरनेच मोजता येते. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का, हे पाहण्याची रीत बरीच पसरली आहे. तिच्यावर विसंबू नये. मोबाइलला रिंग वाजवण्यापुरता सिग्नल इतका क्षीण चालतो की त्यावरून गळतीबद्दल काहीच ठरत नाही. आणि भीती बाळगणाऱ्यांसाठी एक वाक्य : या लहरी किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणाऱ्या किरणांसारख्या नाहीत, स्विच बंद झाला की त्या संपतात आणि अन्नात मागे राहत नाहीत.

तिसरा प्रकार, म्हणजे सगळे चालते पण अन्न थंड, हा बहुतेक वेळा उच्च दाबाच्या बाजूचा असतो, आणि तिथेच आपली जाड रेघ येते. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे सुमारे दोन हजार व्होल्ट करतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून ते जवळपास दुप्पट करतात आणि चार हजारांच्या आसपासचा तो दाब मॅग्नेट्रॉनला मिळतो. मॅग्नेट्रॉनमध्ये तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, चुंबक त्यांना वळवतो आणि तांब्यात कोरलेल्या पोकळ्यांजवळून ते गरगरत जाताना 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी तयार होतात.

या वस्तूचा इतिहास शिकाऊ मुलांनी वाचावा असे मला वाटते. पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी चालवून दाखवला, तो रडारसाठी. त्याच वर्षी तो अमेरिकेत नेला गेला. तिथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस मॅग्नेट्रॉनच्या उत्पादनावर काम करत होता. शाळा अर्धवट सुटलेली, पोरवयात कारखान्यात लागलेला, विजेचे शास्त्र स्वतः वाचून शिकलेला. चालू मॅग्नेट्रॉनजवळ खिशातली गोड वडी वितळली, तेव्हा तो ते विसरून पुढे गेला नाही, त्याने मक्याचे दाणे आणून पुन्हा करून पाहिले. 1945 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. 1947 सालचे पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि तीनशे किलोंहून जड होते. ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह अमेरिकेतल्या घरांत 1967 मध्ये आला. आपल्या देशाचा धागा त्याही आधीचा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरी दूरवर पाठवून घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली होती. आणि आज मुंबईतली 'समीर' ही संस्था, 1984 मध्ये स्थापन झालेली, कर्करोगावरच्या उपचारांसाठी लागणारी सूक्ष्मलहरींवर चालणारी यंत्रे विकसित करते. ओट्यावरच्या डब्याचा हा गोतावळा आहे.

पण आदर वाटला म्हणून हात घालायचा नाही. मॅग्नेट्रॉनची तार तुटली, डायोड शॉर्ट झाला, कपॅसिटर फुटला, ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग जळले, यांतले काहीही झाले तरी घरातल्या माणसाने बाहेरून फक्त ऐकायचे. नेहमीच्या मंद गुणगुणीऐवजी जड, दबलेली घरघर येत असेल तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट असण्याची शक्यता आहे. घरघरच नसेल तर ट्रान्सफॉर्मरला वीज पोचत नसावी. हे मेकॅनिकला फोनवर सांगा आणि प्लग काढून ठेवा. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ मुले बघतात. त्या उद्योगात अमेरिकेत अनेकांचे प्राण गेले आहेत. घरात उत्साही मूल असेल तर हे त्याला नावानिशी सांगावे.

चौथा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण त्याचे निदान एका भांड्यातल्या पाण्याने होते. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने त्याचे तापमान मोजा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो फुटेल. पूर्ण पॉवरवर बरोबर एक मिनिट चालवा, लाकडी चमच्याने ढवळा, लगेच पुन्हा मोजा. वाढलेल्या प्रत्येक अंशाला 70 वॅट धरा. दहा अंश वाढले तर साधारण 700 वॅट पाण्यात उतरले. हा आकडा मायक्रोवेव्हच्या लेबलवरच्या आउटपुटशी ताडायचा. तिथे दोन आकडे असतात आणि लोक मोठ्याशी तुलना करून निराश होतात. मोठा आकडा भिंतीतून घेतलेल्या विजेचा असतो, अन्नाला मिळणारी ताकद त्याहून बरीच कमी असते आणि उरलेली उष्णता पंखा बाहेर फेकतो.

ही चाचणी नाशकात करताना थोडी काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातूनच तापून येते. तापलेले पाणी गरम होता होता उष्णता गमावतही असते, म्हणून तेव्हा माठातले पाणी घ्यावे. थंडीत, निफाडचा पारा एक अंकी होतो त्या दिवसांत, नळाचे पाणी चालेल. मायक्रोवेव्ह आधीच चालून तापलेला नसावा, कारण गरम मॅग्नेट्रॉन कमी ताकद देतो. आणि संध्याकाळी सगळ्या इमारतीत दिवे, पंखे, मोटारी चालू असताना व्होल्टेज खाली येत असेल तर त्या वेळचा आकडा कमीच येणार. दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा चाचणी करा. दुपारचा आकडा चांगला आणि संध्याकाळचा वाईट असेल तर दोष मायक्रोवेव्हमध्ये नाही. त्यासाठी मॅग्नेट्रॉन बदलू नका, तक्रार महावितरणकडे करा. दोन्ही वेळा कमी असेल तर आधी पॉवर लेव्हल पाहा. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये कमी पॉवर म्हणजे मॅग्नेट्रॉन थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद. चुकून डीफ्रॉस्टवर राहिलेले बटण अगदी बिघाडासारखे वागते.

सवयींबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे दोनच. पापड भाजायला मायक्रोवेव्ह सोयीचा, पण पापडात पाणी जवळपास नसते. लहरी शोषायला आत पुरेसे काही नसले की त्या मॅग्नेट्रॉनकडे परततात आणि त्याला तापवतात. पंगतीसाठी एकामागून एक पापड भाजताना मशीन मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, ते बहुधा उष्णतेने तुटणाऱ्या थर्मल कटआउटमुळे. कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवावे आणि मधे विश्रांती द्यावी. दुसरे म्हणजे आतल्या भिंतीवरचा करड्या रंगाचा मायका शीट. फोडणीचा, मिसळीच्या तर्रीचा शिंतोडा त्यावर उडाला आणि जळून काळा झाला की तिथे ठिणग्या पडू लागतात. ठिणग्या दिसल्या की घाबरून मायक्रोवेव्ह टाकून देणारेही आहेत आणि तसाच वापरत राहणारेही. खरे तर लगेच थांबवून शीट बदलून घेतला, तर स्वस्तात काम होते. उशीर केला तर आतला पत्रा जळतो.

पैशांचे बोलायचे तर फ्यूज, डोअर स्विच आणि मायका शीट यांचा सुट्या भागाचा खर्च किरकोळ असतो. मॅग्नेट्रॉनचा नाही, पण अनेक कंपन्या त्यावर बाकीच्या मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात आणि ग्राहक ते कार्ड कधी वाचतच नाही. जुना भाग परत मागा, बिलावर भागाचे नाव लिहून घ्या. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला एका जागी मिळावी, हा त्यामागचा विचार आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि मायक्रोवेव्ह खरोखरच संपला असेल तर तो उघडून, तांबे काढून भंगारात देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावरही आहे. तो अखंड, बंद स्थितीत अधिकृत संकलकाकडे जावा. भंगार फोडणाऱ्या मुलाला त्या कपॅसिटरबद्दल कुणी सांगितलेले नसते.

शेवटची काही पाने कोरी ठेवली आहेत. त्यावर पाण्याच्या चाचणीची नोंद करायची : तारीख, वेळ, पाण्याचे आधीचे आणि नंतरचे तापमान आणि मोजणे शक्य असेल तर व्होल्टेज. नवा मायक्रोवेव्ह घरी आला की पहिली नोंद त्याच आठवड्यात करावी आणि नंतर दर दिवाळीच्या साफसफाईत एक. मेकॅनिक आला की चहाच्या आधी हे पान त्याच्यापुढे ठेवा.